तीन पहिल्या बायका आणि बोटीतली एक जागा

आयर्लंडहून परतल्यापासून जो तो विचारतो, ‘काय काय पाहिलंत?’ आमचे हे ‘हिरवळ’ एवढं एकच उत्तर देतात आणि मोबाइलमधले मेंढ्यांचे फोटो काढून दाखवायला लागतात. मी मात्र सांगते, की मी तीन पहिल्या बायका पाहिल्या. त्यावर शेजारच्या वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘अगंबाई, कुणाच्या?’ तेव्हाच ठरवलं की हे सगळं नीट लिहून काढावं, नाहीतर गल्लीत भलतंच काहीतरी पसरायचं.

मी मिरजेत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. बेटं, भूशिरं, खाड्या, भरती-ओहोटी, सगळं शिकवलं ते फळ्यावर. खडूनं इतकी बेटं काढली असतील की त्यांचा वेगळा देश होईल, पण स्वतः समुद्रातल्या बोटीत कधी पाय ठेवला नव्हता. कृष्णेत नावेत बसलेय, पण ती अलीकडून पलीकडे नेते, त्याला काही समुद्रप्रवास म्हणत नाहीत. एकदा सहल मालवणला नेली, तर नेमका समुद्र खवळलेला, म्हणून किल्ला काठावरूनच दाखवला आणि कोकम सरबत पाजून मुलींना परत आणलं. मला एकदा तरी बेट समुद्राच्या बाजूनं बघायचं होतं. फार बघायचं होतं. पण या वयात असलं काही बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

कॅरिगलाइन

आमची केतकी कॉर्कजवळ कॅरिगलाइनला राहते आणि रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. ‘मुलगी औषधं बनवते’ असं मी इकडे ऐटीत सांगायची. तिथं गेल्यावर तिनंच फुगा फोडला. ‘आई, मी औषध बनवत नाही. औषध बनवायच्या टाक्या नीट धुतल्यात की नाही, ते तपासते.’ म्हणजे एवढं शिकून शेवटी भांडी घासली का, हेच बघायचं. पण पोरगी खूश आहे. काहीही विचारलं की ‘ग्रँड’ म्हणते. जेवण कसं झालं, ग्रँड. सर्दी कशी आहे, ग्रँड. एकदा ह्यांचा पाय मुरगळला, तर हेसुद्धा खुर्चीत बसून विव्हळत ‘ग्रँड’ म्हणाले.

तिनं सुट्टी काढली आणि आम्हाला पश्चिमेकडे समुद्रकाठी घेऊन निघाली. रस्ते इतके अरुंद की मधोमध गवत उगवलेलं, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि त्यावर लाल झुमक्यांसारखी फुलं. समोरून गाडी आली की कुणीतरी एकानं मागे जायचं. पण भांडण नाही, हॉर्न नाही. उलट जाताना प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. हा त्यांचा रामराम. ह्यांना ते इतकं आवडलं की शेजारच्या सीटवर बसून हेही बोट उचलायला लागले, आणि माणसं संपल्यावर गाईंनासुद्धा. केतकी म्हणाली, ‘बाबा, गाई नाही करत परत.’ हे म्हणाले, ‘आपण आपला शिष्टाचार सोडू नये.’

ब्रीडाच्या घरी

मुक्काम एका छोट्या गावात, ब्रीडा नावाच्या बाईंच्या घरी होता. राहायची खोली आणि सकाळची न्याहारी, अशी घरगुती सोय. खिडकीतून सरळ समुद्र, आणि समुद्रात दूर एक खडकाळ बेट, त्यावर पांढरं दीपगृह. मी पिशवी खाली ठेवायची विसरले. ह्यांनी दोनदा हाक मारली तरी ऐकू आली नाही.

ब्रीडानं विचारलं, ‘चहा घेणार?’

सवयीनं म्हटलं, ‘नको, नको.’

‘अहो, थोडासा घ्या.’

‘नको, उगीच तुम्हाला त्रास.’

‘त्रास कसला, किटली चढलीच आहे.’

‘बरं, मग अर्धा कप.’

चहा पूर्ण कपभर आला, सोबत लोण्याचा जाड थर दिलेला गव्हाचा तपकिरी पाव आला, आणि मला एकदम मिरजेला मावशीकडे आल्यासारखं वाटलं. केतकी म्हणाली, ‘इथं असंच असतं आई. पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. म्हटलं तर बरं दिसत नाही.’ हजारो मैलांवर आपलेच संस्कार बघून ऊर भरून आला. पंचाईत झाली ती ह्यांची, कारण ह्यांना खरोखरच चहा नको होता. ह्यांचंही ‘नको’ ब्रीडानं आमच्याच हिशेबानं ऐकलं आणि ह्यांच्यापुढे चहा, पाव, वर केकचा तुकडा आला. हे केविलवाण्या चेहऱ्यानं सगळं संपवत होते, आणि संपलं की ती आणखी वाढत होती.

न्याहारीचं टेबल

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भेटल्या. तिघी अमेरिकन, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, आणि आवाज असे की बश्या थरथराव्यात. मी मिरजेहून नेलेलं भडंग टेबलावर काढलं होतं. त्यातल्या उंच, रुंद खांद्यांच्या बाईनं न विचारता मूठभर तोंडात टाकलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाकीच्या दोघी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मग कळलं, की ही लोरेन तिच्या शहराच्या अग्निशामक दलातली पहिली स्त्री. आयुष्यभर दुसऱ्यांची आग विझवली आणि आमच्या भडंगानं तिला पाणी मागायला लावलं.

दुसरी डॉट. बुटकी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्याकडे बेसबॉल म्हणून खेळ असतो, त्यात तिच्या भागातली पहिली स्त्री पंच. हे ऐकल्यावर ह्यांना न्याहारी सुचेना. वीज मंडळात असताना हे दर रविवारी मैदानावर क्रिकेटचे पंच व्हायचे. दोघांना एकमेकांच्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोट वर, हात आडवे, असं बराच वेळ चाललं होतं. ‘तुम्हाला कधी शिव्या पडल्या का?’ ह्यांनी विचारलं. डॉट म्हणाली, ‘रोज. पण पुरुष पंचांनाही पडायच्या, म्हणून मी त्याला बरोबरी मानलं.’

तिसरी मार्ज. केस कापलेले, हात सुतारासारखे. ती तिच्या बंदरातली पहिली स्त्री पायलट. मी भाबडेपणानं वर आकाशाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, ते नव्हे, जहाजांचा पायलट. मोठं जहाज बाहेरून येतं, त्याच्या कप्तानाला इथले खडक आणि गाळ ठाऊक नसतात. मग बंदराचा माणूस छोट्या लाँचमधून समुद्रात जातो, हलत्या जहाजाच्या कुशीवर सोडलेल्या दोरीच्या शिडीनं वर चढतो आणि जहाज आत आणतो. ‘माणूस’ म्हणजे आधी पुरुषच असायचा, नंतर मार्ज.

तिघींची ओळख एका सत्कारात झाली होती. भाषण करणाऱ्यानं तिघींचीही नावं चुकवली, म्हणून तिघी उठून बाहेर जेवायला गेल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी कुठंतरी एकत्र फिरतात. मी विचारलं, पहिली असण्यात सगळ्यात अवघड काय होतं? मला वाटलं, धैर्य, जिद्द, असलं काही ऐकायला मिळेल. तिघी एकदम म्हणाल्या, ‘संडास.’ लोरेनच्या अग्निशामक केंद्रात बायकांसाठी नव्हताच, ती रस्त्यापलीकडच्या बेकरीत जायची. ‘आगीला कधी घाबरले नाही,’ ती म्हणाली, ‘पण बेकरी बंद व्हायची वेळ झाली की पोटात गोळा यायचा.’ माझंही तेच झालं होतं. माझी पहिली नोकरी खेड्यातल्या शाळेत, आम्ही शिक्षिका मधल्या सुट्टीत सरपंचांच्या घरी जायचो, आणि सरपंचीणबाई रोज मोजून तोंड वाकडं करायच्या. हे मी सांगितलं तेव्हा मार्जनं टेबलावरून हात पुढे करून माझा हात दाबला. त्या क्षणापासून त्या मला परक्या वाटल्या नाहीत.

आणि मग ते घडलं. मार्ज म्हणाली, ‘आम्ही उद्या बोट घेऊन त्या दीपगृहाच्या बेटावर जातोय. एक जागा रिकामी आहे. तुम्ही येता?’

इतकी वर्षं जे मनात होतं ते पावाच्या टोपलीशेजारी माझ्यापुढे ठेवलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? ‘नको, नको. तुम्ही जा.’

‘ओके,’ मार्ज म्हणाली आणि टोस्टला लोणी लावायला लागली.

मी वाट पाहिली. लोणी लावून झालं, मुरंबा लावून झाला, टोस्टही संपला. ब्रीडा किटली हातात धरून दारात थबकली होती, तिलाही दुसऱ्या विचारण्याची वाट होती. ते आलंच नाही. मार्ज ह्यांच्याकडे वळली. ‘आणि तुम्ही?’

आमचे हे, आंबोली घाटात लिंबू हुंगत बसणारे, आदल्या दिवशी ‘नको’ म्हणून पोटाला तडस लावून घेतलेले. शहाणे झाले होते. पटकन म्हणाले, ‘हो, जरूर.’

धक्क्यावर

खोलीत आल्यावर केतकी म्हणाली, ‘आई, ती अमेरिकन आहे. तिला नाही म्हटलं की तिला नाहीच ऐकू येतं.’

‘मग तुम्ही कशाला हो म्हणालात?’ मी ह्यांना विचारलं.

‘तू नको म्हणालीस, जागा वाया गेली असती. शिवाय ती बाई एवढं आपुलकीनं विचारतेय, नाही कसं म्हणायचं?’

‘तुम्हाला पाण्याचं काय आकर्षण?’

‘काही नाही,’ हे प्रामाणिकपणे म्हणाले, आणि खाली जाऊन लोकरीची टोपी विकत घेऊन आले. त्यानंतर कुटुंबाच्या ग्रुपवर ‘अटलांटिक महासागरात जात आहे’ असा संदेशही टाकला. त्याखाली ह्यांच्या आत्याबाईंपासून सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. आता ह्यांना माघार नव्हती आणि मला बोलायची सोय नव्हती. मी रागावले होते, आणि कुणावर ते कळत नव्हतं म्हणून जास्तच रागावले होते.

पण दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बोटवाल्यानं सांगितलं, आज नाही, उद्या. दुपारी मार्ज धक्क्यावर उभी राहून लाटा बघत होती. मी शाल गुंडाळून तिथं गेले, अगदी सहज आल्यासारखी. आपल्याकडे सरळ मागत नाहीत. आपण विषय तिथपर्यंत नेऊन ठेवायचा, समोरच्यानं तो उचलायचा.

‘उद्या समुद्र शांत होईल, नाही?’ मी म्हटलं.

‘होईल.’

‘बोट चांगली मोठी दिसते.’

‘नाही, लहानच आहे.’

‘मी मुलींना बेटांवर खूप शिकवलंय.’

‘छान,’ मार्ज म्हणाली आणि पुन्हा लाटा बघायला लागली. म्हटलं, ही बाई जहाजं हाकायची, पण इशारा म्हणून कळत नाही हिला.

शेवटी हार मानून तिलाच विचारलं, की तू पायलट झालीस कशी. ती म्हणाली, जहाजं ढकलणाऱ्या एका टगवर ती स्वयंपाकी होती. पायलट लोक तिच्या हातचं जेवायला यायचे. एक दिवस त्यांचा म्होरक्या जेवता जेवता म्हणाला, यंदा परीक्षेला बसायला कुणी नाही, मग मार्ज, तू बसतेस का? सगळं टेबल हसलं.

‘मी म्हटलं, बसते.’

‘पण ते थट्टा करत होते ना?’

‘हो. ते मला फार नंतर कळलं. मला वाटलं, विचारलंय तर उत्तर द्यायचं असतं. मग त्यांना परत घेता येईना आणि मी काही सोडेना.’ ती खांदे उडवून म्हणाली, ‘इशारे कळले असते, तर अजून सूप ढवळत बसले असते.’

मी तिच्याकडे बघतच राहिले. आणि मग सरळ सांगितलं, की काल मला यायचं होतं, अजून यायचंय, पण आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात, दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच’ म्हणतात आणि तिसऱ्यांदा हो.

मार्जनं हे एखादा नकाशा समजून घ्यावा तसं लक्ष देऊन ऐकलं. ‘आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?’

‘तर मग घरी बसायचं.’

‘अस्सं. मला वाईट वाटतं. पण आता ती जागा तुझ्या नवऱ्याची आहे. बोटवाला सुरक्षा-जॅकेटांपेक्षा एक माणूस जास्त घेत नाही. नवऱ्याशी बोल.’

मला वाटलं होतं, ती काहीतरी करेल. ती चालायला लागली.

बोट

संध्याकाळभर मी काही बोलले नाही. हे टोपी घालून आरशात बघत होते, आत्याबाईंचा ‘सांभाळून’ असा फोन येऊन गेला होता. सकाळी समुद्र खरंच शांत होता. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. ब्रीडानं सगळ्यांसाठी पाव बांधून दिला होता. बोटवाल्यानं जॅकेटं वाटली. लोरेन चढली, डॉट चढली. ह्यांनी जॅकेट घातलं, एक पाय बोटीत टाकला, बोट हलली, आणि ह्यांच्या तोंडाचा रंग उडाला. तरी बसले बिचारे. हात बाकाला धरलेले, डोळे क्षितिजावर.

मार्ज बोटीत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. मी मनात म्हणत होते, विचार ना बाई, अजून एकदा विचार. ती दोर सोडायला वाकली.

तोंडात ‘सावकाश जा हं’ आलं होतं. ते गिळलं.

‘अहो,’ मी म्हटलं. आवाज वर्गात लागायचा तसा लागला. धक्क्यावर मासे उतरवणारी माणसंसुद्धा वळली. ‘उतरा. मला जायचंय.’

‘काय?’

‘मला त्या बेटावर जायचंय. तुमच्या जागी. मला केव्हापासून जायचंय.’

‘अगं, मग आधी नाही का सांगायचं?’

‘आता सांगतेय.’

केतकीनं तोंडावर ओढणी धरली, ती हसत होती की रडत होती कोण जाणे. हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग जॅकेटाचे बंद इतक्या चपळाईनं सुटले की त्यांचा गुडघा दुखतो हे कुणाला खरं वाटलं नसतं. वर आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ते मला घातलं, बंद आवळले आणि हळूच म्हणाले, ‘मला वाटलं, मी आज मरतो.’

मी साडी वर खोचली. मार्ज म्हणाली, ‘लाट बोटीला वर आणेल तेव्हा पाय टाक, खाली जाताना नको.’ मी टाकला. बोट आणि मी एकदम हललो, आणि लोरेननं आगीतून काढतात तसं मला कमरेला धरून बाकावर बसवलं.

खोटं का सांगू, पहिल्या दहा मिनिटांतच मला उलटी झाली. दुसरी पण झाली. डॉटनं दोन्ही वेळा पंचाच्या थाटात हात वर करून निर्णय दिला. समुद्राचं पाणी थोबाडीत मारल्यासारखं अंगावर येत होतं, साडीचा पार बोळा झाला होता. आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं हसत होते. बेट जवळ यायला लागलं. फळ्यावर बेट म्हणजे एक वाकडी रेघ असते. ही काळ्या खडकाची भिंतच्या भिंत होती, तळाशी फेस, कपारी-कपारीत पांढरे पक्षी, आणि वर दीपगृह, इतकं उंच की मान मागे करावी लागली. एक सील पाण्यातून डोकं काढून आमच्याकडे बघत होता. मी त्याला बोट उचलून रामराम केला. त्यानं पाहिलं आणि बुडी मारली.

खडकावर उतरून मी समोर पाहिलं. पलीकडे आयर्लंड होता, सगळा हिरवा, वर ढगांची सावली सरकत होती, आणि ज्या बाजूनं मी आजवर समुद्र बघत आले ती बाजू आता समोर होती. मी तिथं उभी राहून रडले. तिघींनी मला रडू दिलं. लोरेननं फक्त ब्रीडाचा पाव पुढे केला आणि विचारलं, ‘हवाय?’

‘हो,’ मी म्हटलं.

परत आलो तेव्हा हे धक्क्यावर, मासे उतरवणाऱ्यांच्या घोळक्यात, चहाचा मग घेऊन मजेत उभे होते. त्या सगळ्यांना ह्यांनी तोवर सांगून ठेवलं होतं, की मी माझी जागा बायकोला दिली. एकानं ह्यांची पाठसुद्धा थोपटली. मिरजेत आल्यावरही हे तेच सांगतात, आत्याबाईंना, केशकर्तनालयात, डॉक्टरांच्या दारात. बायका माझ्याकडे बघून म्हणतात, ‘नशीबवान आहात हो, केवढं मोठं मन त्यांचं.’ मी हसून चहा टाकायला आत जाते. बोलताना माणसानं सोडून द्यावं थोडं. पण हे लिहितेय मी, आणि बोटीत भिजले होते तीही मीच. ह्यांनी जागा दिली नाही. मी मागितली.